वर्षावासात विहारात घेतलेले हक्क मेळावे : आमचा अनुभव, खर्चासकट

गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका विहारातून फोन आला, मग अजून एक आला, दोघांचंही विचारणं एकच की तुम्ही मागच्या (२०२४ च्या) वर्षावासात, म्हणजे आषाढी ते आश्विन पौर्णिमेच्या तीन महिन्यांत, ऊसतोडवाल्यांची सरकारी कागदं करून द्यायचे रविवारचे मेळावे घेतले ते नेमके कसे घेतले, परवानगी कुणाची लागते, पैसे किती लागतात, आणि बाकीच्या समाजाचे लोक खरंच येतात का. फोनवर सगळं सांगणं होत नाही म्हणून आता, २०२५ चा वर्षावास लागायच्या आधी, जसं घडलं तसं तारखेवारी लिहून काढतेय. मोठं झालंय, पण ज्यांना करायचंय त्यांच्या कामाचं आहे.

आधी आमचं गाव. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, हलकी जमीन, विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी सोलापूरकडं, कुणी पार कर्नाटकात बेळगावच्या बाजूला, ते परत येतात मार्च-एप्रिलमधी. आमच्या बौद्ध वस्तीतले जातात, वंजारी वस्तीतले जातात, तांड्यावरचे लमाण जातात, अलीकडं मराठ्यांची पोरंही जायला लागलीत कारण दोन एकरात भागत नाही. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक दारात येतो, मग आधार कार्डात नाव चुकलंय, रेशनमधी सुनेचं नाव नाही, पोराचा दाखला शाळेत अडकलाय, हे सगळं तसंच मागं राहतं. सहा महिन्यांनी परत आले की फडाचा (ऊसतोडीच्या रानाचा) हिशोब, लग्नसराई, मग पेरणी. दरवर्षी असंच.

आमच्या विहारात दरवर्षी आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचन असतं. गावात कायमचे भन्तेजी (भिक्खू) नाहीत, उपासक-उपासिकाच आळीपाळीनं वाचतात. २६ जून २०२४ ला शाहू महाराजांची जयंती होती, सरकारी कॅलेंडरात तोच सामाजिक न्याय दिन. विहारात हार घातला, चहा झाला, आणि आमच्या महिला मंडळातल्या आक्का एकदम बोलल्या, "आपुन तीन महिने ग्रंथ वाचतो, आन् ज्यायच्यासाठी वाचायचा ती मान्सं आश्विन पुनवंनंतर ट्रकात बसून जात्यात. हे तीन महिनेच ती गावात असत्यात. मंग त्यायचं काम कामून करीना आपुन?"

मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि ती आक्कांच्या तोंडून आली. वर्षावास आणि ऊसतोड कामगाराचं गावात असणं, हे दोन्ही एकाच वेळी येतं. बुद्धाच्या काळी भिक्खू पावसाळ्यात फिरायचं थांबवून एका जागी राहायचे, आमच्याकडं फिरणारे मजूर पावसाळ्यात एका जागी राहतात. म्हणून मेळावे घ्यायचे तर याच काळात, डिसेंबरात घेऊन काही उपयोग नाही, तेव्हा गावात म्हातारे आणि लेकरं सोडून कुणी नसतं.

विरोध झाला, तोही सांगते. आमचे बापू, रिटायर शिक्षक, विहाराच्या कमिटीत जुने, त्यांचं म्हणणं पडलं की विहारात वंदना व्हावी, देसना (धम्माचं प्रवचन) व्हावी, सरकारी फॉर्म भरायला ग्रामपंचायत आहे. त्यांचं अगदीच चुकीचं होतं असं मला वाटत नाही, एकदा का विहाराचं ऑफिस झालं की धम्म बाजूला राहतो ही भीती खरी आहे. दोन-तीन बैठका झाल्या, रात्री जेवणं झाल्यावर, कधी कधी आवाज वाढले. शेवटी ठरलं ते असं की रविवारी सकाळी साडेआठला त्रिसरण-पंचशील आणि वाचन नेहमीसारखं, त्यातला एक मिनिट कमी करायचा नाही. दहाला मेळावा. मेळाव्याची सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेनं, ती सगळ्यांनी उभं राहून म्हणायची, कुठल्याही जातीधर्माचा असो. वंदनेला ज्याला बसायचं त्यानं बसावं, बळजबरी कुणाला नाही. कुठल्याही पक्षाचा माणूस पुढं बसवायचा नाही, कुणाचा बॅनर लावायचा नाही, आणि बाहेरच्या समाजाकडून वर्गणी मागायची नाही. हे सगळं प्रोसिडिंगच्या वहीत लिहून सह्या घेतल्या. ही वही पुढं फार उपयोगी पडली, कुणी काही बोललं की वही काढायची, वादच होत नाही.

मग परवानगी. विहार आमच्या ट्रस्टचं आहे, नोंदणी जुनी आहे, त्यामुळं सोपं गेलं. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी ग्रामपंचायतीचं नाहरकत पत्र तरी घ्यावं. पोलीस ठाण्याला अर्ज दिला त्यात तारखा, वेळ, अंदाजे किती लोक येतील, जबाबदार माणसांची नावं, आणि स्पीकर विहाराच्या आतच राहील हे लिहिलं. अर्ज दोन प्रतीत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेऊन पोच ठेवा, हे मी हात जोडून सांगते. स्पीकरचा नियम २००० सालचा आहे, रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलच्या आत. आमचा कार्यक्रम सकाळचा आणि आतला, त्यामुळं अडचण नव्हती, तरी ठाण्यातून एक जण चौकशीला आले, कोण वक्ते आहेत, कशावर बोलणार, मोर्चा वगैरे आहे का. बापूंनीच त्यांना बसवून चहा पाजला आणि वही दाखवली. जाताना ते म्हणाले माझ्या मेव्हण्याचं पण ऊसतोडीचं ओळखपत्र काढायचंय, घेऊन येऊ का.

२१ जुलै २०२४, रविवार, आषाढी पौर्णिमा. तालुक्याहून भन्तेजी आले, उपासिका पांढऱ्या साड्यांत, खीरदान झालं. दहाच्या मेळाव्याला आमच्याच वस्तीतले लोक. बाहेरचं कुणी नाही, तांड्यावरचे दोघं सोडले तर. थोडं वाईट वाटलं.

पण त्याच महिन्यात लाडकी बहीण योजना आलेली. १ जुलैपासून फॉर्म सुरू, महिन्याला १,५०० रुपये, आणि फॉर्म भरायचे नारीशक्ती दूत ॲपवर. अंगणवाडीच्या ताईंच्या मागं सगळ्या गावच्या बाया. आमच्या गावात रेंजचा प्रॉब्लेम, खालच्या आळीत एक काडी येते आणि जाते, आणि विहार टेकाडावर, तिथं फुल रेंज. अंगणवाडीच्या ताईच म्हणाल्या की रविवारी मी विहारातच बसते. २८ जुलैला पायऱ्यांपर्यंत रांग.

या रांगेतलं एक मला सांगायचंच आहे. लोकसभेची निवडणूक नुकतीच झालेली होती, आणि त्या निवडणुकीत बीड जिल्ह्यात मराठा आणि वंजारी समाजात किती ताण आला ते इथल्या प्रत्येकाला माहितीय, काही ठिकाणी एकमेकांच्या दुकानात जाणं बंद झालेलं. आमच्या गावात मारामारी झाली नाही पण बोलणं बंद होतं, लग्नाच्या पत्रिका थांबल्या होत्या. त्या दिवशी रांगेत दोन्हीकडच्या बाया एकामागं एक उभ्या. वंजारी वस्तीतली एक म्हातारी, सुनेचा फॉर्म भरायला आलेली, पायरीवरच थांबली. चप्पल काढलेली, पण आत येईना. आक्का बाहेर गेल्या.

"मावशी, या की आत."

"येऊ का? आमी कदी आलो न्हाय इथं. अन् पाय लई भरल्यात चिखलानं."

"चिखल आमच्याबी पायाला हाय. या, बसा."

ती आली, भिंतीला टेकून बसली, बुद्धमूर्तीकडं थोडा वेळ बघत राहिली, मग हात जोडले. चहाचे स्टीलचे ग्लास सगळ्यांना तेच. माझ्या आजीला हॉटेलात बाहेर ठेवलेल्या फुटक्या कपात चहा मिळायचा, तो कप तिनंच धुवून परत तिथंच ठेवायचा. ते सांगायला आजी आता नाही, पण त्या दिवशी चहा वाटताना मला तिची फार आठवण आली. म्हातारीनं दुसरा ग्लास मागून घेतला.

त्यानंतर बाहेरचे लोक यायला लागले ते शेवटपर्यंत.

ऑगस्टचे रविवार कागदपत्रांचे. यातलं जे जे कळलं ते एकत्र सांगते. ई-श्रम कार्डासाठी (असंघटित कामगारांच्या नोंदणीचं कार्ड) आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे, १६ ते ५९ वयापर्यंत निघतं, स्वतः काढलं तर फुकट. आधारमधलं नाव-पत्ता दुरुस्तीला तेव्हा ५० रुपये आणि बोटाचे ठसे-डोळे नव्यानं घ्यायला १०० रुपये होते, पाच आणि पंधरा वयाला लेकरांचं जे बायोमेट्रिक करावं लागतं ते फुकट, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. उत्पन्नाच्या दाखल्याला पोर्टलवर ३३ रुपये ६० पैसे फी होती, आणि सेवा हमी कायदा २०१५ प्रमाणं तो १५ दिवसांत मिळायला पाहिजे. आमचे काही दाखले एका कार्यालयात बरेच जास्त दिवस अडकले, लाडकी बहीणमुळं सगळीकडं गर्दी होती हे खरं, पण काही अर्ज कारण न लिहिताच परत आले. तेव्हा टोकन नंबर घालून लेखी विचारलं, कोणत्या त्रुटीमुळं परत केला ते लिहून द्या, आणि खाली पहिल्या अपिलाचा उल्लेख केला. दाखले आले. तोंडी भांडून येत नाहीत, कागदावर विचारलं की येतात.

निराधार योजनेच्या अर्जांना सगळ्यात जास्त वेळ गेला. संजय गांधी निराधारला वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, वय ६५ च्या आत, राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा पाहिजे, आणि विधवा बाई असेल तर नवऱ्याचा मृत्यू दाखला. आता हा दाखला फडावर मेलेल्या माणसाचा कुठून आणायचा? नवरा गेला दुसऱ्या जिल्ह्यात, कुठल्या तरी कारखान्याच्या रानात, नोंद झाली असली तर तिथल्या ग्रामपंचायतीत. अशा बायका आमच्याच आजूबाजूला होत्या आणि आम्हाला हे माहीत नव्हतं की त्यांना पेन्शन का नाही, आम्ही समजायचो अर्जच केला नसेल. त्यातल्या एकीसाठी मुकादमाकडून गावाचं नाव काढलं, तिथल्या ग्रामसेवकांना फोन केला, ते भले माणूस निघाले, रजिस्टर बघून त्यांनी नोंद सापडली म्हणून सांगितलं. तिच्या दिराला तिकडं पाठवून दाखला आणला. जायचं-यायचं भाडं विहाराच्या पेटीतून दिलं, यावर कमिटीत कुणी एक शब्द काढला नाही.

आणि अंगठ्याचं. सीएससीवाला (ऑनलाईन सेवा केंद्राचा) पोरगा मशीन घेऊन आलेला, एका जोडप्याची रेशनची ई-केवायसी (ओळख पडताळणी) चाललेली. नवऱ्याचं झालं. बायकोचा अंगठा उठेना. पुसून बघितला, ओल्या फडक्यानं, मग थोडं तेल लावून, मग दुसरं बोट, तिसरं, दहाही बोटं झाली. मी तिचा हात हातात घेऊन बघितला. अंगठ्याच्या टोकाला रेघाच नव्हत्या, चामडी चकचकीत, मधून दोन आडवे चर, कोयत्याच्या मुठीनं आणि उसाच्या पाचटानं सगळं घासून गेलेलं. वय तिचं तीसच्या आत. ती हसून म्हणाली, "गेल्या साली दुकानदारबी असंच म्हनला, तुझा अंगठा तुझा न्हाय." पोरानं मग डोळ्याचं मशीन मागवलं पुढच्या रविवारी, त्यावर झालं. म्हणून सांगते, ऊसतोडवाल्यांचं शिबिर घेताना नुसतं अंगठ्याचं मशीन आणणाऱ्याला बोलवू नका, बुबुळाचं आहे का ते आधी विचारा, आणि मोबाईल आधारला जोडून घ्या म्हणजे ओटीपीवर तरी काम होतं.

ऊसतोड कामगाराच्या ओळखपत्राचं काम आम्ही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नेलं. सलग तीन वर्षं किंवा जास्त हे काम करणाऱ्याला ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं असं शासनाचं ठरलेलं आहे, पण कुणी मागतच नाही. महिला सभा आदल्या दिवशी असते ती आमच्याकडं कागदावरच व्हायची, यावेळी आक्कांनी पन्नासेक बाया नेल्या आणि ठराव लिहून घेतला की दसऱ्याच्या आधी सर्वे करून ओळखपत्रं द्यावीत. ठरावाची नक्कल मागून घ्या, ती हातात असली की पुढचं विचारता येतं. ग्रामसेवकांकडं तीन गावं, त्यांचीही ओढाताण दिसत होती, म्हणून आम्ही यादी आमच्याच पोरांकडून भरून दिली, नाव, आधार, कुठल्या कारखान्याला, कुठल्या मुकादमासोबत, किती वर्षं.

१ सप्टेंबरचा मेळावा झालाच नाही. आदल्या रात्रीपासून दोन दिवस मराठवाड्यात जो पाऊस झाला तो विसरता येत नाही, सोयाबीन पाण्यात, ओढ्याकाठच्या जमिनी खरडून गेल्या, २ तारखेला पोळा होता आणि बैलं गोठ्यातच पुजली. पिकविम्याचा नियम तेव्हा असा होता की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवायचं, आणि लोकांना रेंज नाही. मग ३ तारखेला मंगळवारी विहार उघडलं, कुठला मेळावा नाही काही नाही, पोरं मोबाईल घेऊन बसली आणि ज्याच्या त्याच्या शेताचा फोटो टाकून तक्रार नोंदवून देत राहिली. त्या दिवशी जास्त करून मराठा शेतकरी होते. त्यातल्या एकांनी नंतर न विचारता एक पोतं गहू आणून टाकला. कमिटीत प्रश्न आला की ठरावात वर्गणी घ्यायची नाही असं लिहिलंय, बापू म्हणाले मागायची नाही असं लिहिलंय, दिलेलं दान परत करत नसतात. हेच बापू जूनमधी विरोधात होते.

२२ सप्टेंबरचा रविवार फक्त बायकांचा. याबद्दल जरा जपून लिहिते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय सगळ्या देशात गाजला, सरकारची समिती आली, विधिमंडळात चर्चा झाली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्याला हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते असं ठरलं. हे कितीजणींना माहितीय? आमच्या मेळाव्यात जवळजवळ कुणालाच नव्हतं. आशाताई आणि उपकेंद्राच्या सिस्टर आल्या होत्या, हिमोग्लोबिन बघितलं, गोळ्या दिल्या, लेकुरवाळ्या बायांची माता-बाल संरक्षण कार्डं तपासून कुणाचा कुठला डोस राहिला ते लिहून दिलं म्हणजे कारखान्याच्या जागी तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवता येईल. दारं लावून घेतली होती, पुरुष कुणी नाही, बापू स्वतः फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले आणि कुणाला वर येऊ दिलं नाही. आधी कुणी बोलेना. मग एक बोलली, मग दुसरी. काय बोलल्या ते इथं लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगते की पाळीत सुट्टी घेतली की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून पिशवीच काढून टाकली, असं सांगणारी बाई माझ्यापेक्षा लहान होती. दोन तास ठरवलेला कार्यक्रम चार वाजेपर्यंत चालला. असा मेळावा घ्यायचा असेल तर फोटो बंद, व्हिडिओ बंद, मोबाईल दाराशी जमा, आणि हे आधी सांगा म्हणजे बाया येतात.

२९ तारखेला लेकरांच्या शाळेचं झालं. आमच्या जिल्हा परिषद शाळेचे हेडसर आले, त्यांनी नीट समजावलं की पोराला आजी-आजोबांकडं ठेवलं तर हंगामी वसतिगृहात दोन वेळचं जेवण मिळतं, त्याची यादी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत आधी जावी लागते. सोबत नेणारच असाल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेतात. मोठ्या पोरापोरींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, ४१ तालुक्यांत मुलांचं एक मुलींचं एक अशी ८२ मंजूर झालेली, आपल्या तालुक्यातलं सुरू आहे का आणि जागा आहे का ते समाजकल्याणला विचारायचं.

१२ ऑक्टोबरला दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, आमचे काही जण नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. १५ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. आमचा समारोप १७ तारखेला, आश्विन पौर्णिमेला, आणि त्यात ओळखपत्रं वाटायचं ठरलेलं. पुन्हा ठाण्यात गेलो, कार्यक्रम धार्मिक आहे, पक्षाचं कुणी नाही, योजनेचा बोर्ड नाही, असं नव्यानं लिहून दिलं, परवानगी मिळाली. ओळखपत्रांचं वाटप मात्र कार्यक्रमातून काढलं, लोकांनी आदल्या दोन दिवसांत ग्रामपंचायतीतून जाऊन घेतली. सगळ्यांची झाली नाहीत. ज्यांची राहिली त्यांची यादी विहाराच्या भिंतीवर लावली, अजून आहे.

समारोपाला खिचडी, खीर, त्या गव्हाच्या पुऱ्या. साखर गावातल्या मुस्लिम किराणावाल्या चाचांनी घरात पडलेल्या भावात दिली. सगळा मिळून खर्च ३१ हजाराच्या आसपास आला, त्यात शेवटचं जेवण १४ हजार, तीन महिन्यांचा चहा-पोहे ९ हजार, झेरॉक्स-प्रिंट-फोटो साडेतीन, बाकी भाडी आणि किरकोळ. दानपेटी आणि आमच्या घरांची दोनशे दोनशे रुपये वर्गणी यातून भागलं. हिशोब दर महिन्याला दारावर चिकटवायचो. मांडव टाकू नका, विनाकारण खर्च आहे, विहारात मावत नसतील तर दोन पाळ्या करा. झेरॉक्सला मात्र हात आखडू नका, एका माणसाची फाईल म्हणजे वीस-पंचवीस पानं होतात, आणि प्रत्येकाला प्लॅस्टिकची फाईल द्या, ती ट्रकात पावसात भिजत नाही.

त्या वर्षी कारखान्यांचं ऊस गाळप १५ नोव्हेंबरपासून होतं आणि मतदान २० ला, त्यामुळं बऱ्याच टोळ्या मतदान करूनच निघाल्या. जानेवारीत सांगलीकडून फोन आला, ती अंगठा न उठलेली, तिथल्या रेशन दुकानात आपल्या कार्डावर धान्य मिळालं म्हणून सांगायला. त्याच टोळीतल्या दुसऱ्या एका घराला दुकानदारानं बाहेरचं कार्ड म्हणून परत पाठवलं, त्याची तक्रार इथून ऑनलाईन टाकली, निकाल लागेपर्यंत हंगाम संपला. म्हणजे कागद असला तरी तिकडं पाठीशी कुणी पाहिजे, हे काम आमच्याकडून राहिलंय. सांगली-कोल्हापूर-सोलापूर भागातल्या कुठल्या विहारानं कारखान्याच्या तळावर जाऊन आमच्या लोकांची विचारपूस केली तर फार होईल. गाव, मुकादम आणि कारखाना अशी यादी आमच्याकडं तयार असते.

आता टोळ्या परत आल्यात. यंदा आषाढी पौर्णिमा १० जुलै २०२५ ला, गुरुवारी आहे, म्हणून पहिला मेळावा १३ तारखेच्या रविवारी ठेवलाय आणि यावेळी सुरुवात लेकरांच्या शाळेपासून, कारण मागच्या वेळी तो विषय सप्टेंबरच्या शेवटी आला आणि हंगामी वसतिगृहाच्या यादीला घाई झाली. बुबुळाच्या मशीनवाल्याला आत्ताच सांगून ठेवलंय. पोलीस ठाण्याचा अर्ज टाईप झालाय, ग्रामपंचायतीच्या पत्रावर सरपंचांची सही तेवढी राहिलीय, ते पोरीच्या लग्नात आहेत, सोमवारी भेटतो म्हणालेत.